दुसरं गेट

दुसरं गेट पडलंय.
धुक्यात भुरभुरणाऱ्या स्कुटरी, बटाट्यांचा एक टेम्पो,
मी, आणि मागच्या सीटवर ईराप्पा हुक्केरी.
दोघांच्या डोक्यावर त्याच माकडटोप्या
गेल्या डिसेंबरात ज्या म्युनिक बघून आल्या.

कंपनीनं धाडलं होतं स्टुटगार्टला,
साचे भरायचं नवं यंत्र शिकून या म्हणून.
यंत्र सहा दिवसांत शिकून झालं.
उरलेले चार दिवस रेल्वेत.
न्यूरेंबर्ग, म्युनिक, साल्झबर्ग, व्हिएन्ना.
पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी,
आणि साहेबांना द्यायचा राहून गेलेला कुंद्याचा डबा.

न्यूरेंबर्गला बर्फ.
लोक फोटो काढत होते.
ईराप्पानं मूठभर उचलला, दाबला, बोटं उघडली,
सकाळच्या पाळीला वाळू तपासतो तसा.
गोळा फुटला नाही.
"ओल बरोबर आहे," म्हणाला,
"साचा धरेल."

पुढं एका देवळात घंटा दाखवली, चारशे वर्षांची.
बाकीचे मान वर करून गप्प.
आम्ही दोघं खाली वाकून
ओतकामात कुठं हवा राहिलीय काय, ते शोधत.
नव्हती राहिली.
त्या रात्री ईराप्पा फारसा बोलला नाही.

साल्झबर्गच्या अलीकडे कुठंतरी देश बदलला म्हणे.
मी खिडकीला नाक लावून बसलो होतो,
ईराप्पा संत्रं सोलत होता.
त्याची शेवटची फोड तोंडात जाईस्तोवर
आम्ही दुसऱ्या राज्यात, म्हणजे दुसऱ्या देशात.
पाटीवर अक्षरं तीच.
कुठं डांबर फासलंय का बघत राहिलो,
सवयीनं.

तिकीट तपासनीस आला. कुठले तुम्ही?
मी म्हटलं, बेळगाव.
"आह, बेल्जियम!"
ईराप्पा म्हणाला, बेळगावी.
तपासनीस हसला, तेच म्हणाला पुन्हा.
त्या नावावरून आम्ही दोघं एकाच बाजूला
तेवढे एकदाच.

समोर एक म्हातारी, मांडीवर लोकरीचा गुंडा.
पास सापडेना म्हणून आमची झटापट चाललेली:
"अरे मारे, पास एल्ली इट्टी?"
"स्वेटरच्या खिशात नोड की!"
ती ऐकत राहिली बराच वेळ. मग खुणेनं,
दोन बोटं ओठांजवळ नेऊन विचारलं तिनं,
ही कुठली भाषा?
मी ईराप्पाकडं बघितलं. ईराप्पा माझ्याकडं.
वीस वर्षं एका भट्टीपुढं उभे आहोत,
हे कुणी विचारलंच नव्हतं.
शेवटी कुंद्याचा डबा उघडला.
तिनं एक घास खाल्ला, डोळे मिटले,
आणि एका कागदात थोडा गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

पण मला आठवतो तो वेगळाच.
व्हिएन्नाच्या वाटेवर, गावाचं नाव वाचता आलं नाही,
एक फाटक, लाल-पांढरा अडसर,
त्याच्यामागं सायकल धरून एक माणूस,
खांद्यांवर बर्फ, हँडलला पाव अडकवलेला.
आमच्या डब्याकडं बघत होता.
कामावरून परतणारा असावा, हात काळे होते.
एवढ्या लांबून हात काळे दिसतात का,
ईराप्पा म्हणतो, दिसत नाहीत.
मला दिसले.
मी हात हलवायला गेलो तोवर
फाटक मागं, गाव मागं, नुसता पांढरा माळ.

"काय बघूलास? टोपी वर कर, कान झाकलेत तुझे,
गाडी आली."

आली. मी तयारीत, हात हँडलवरून काढलेला,
खिडकीत कुणी नाक लावून बसलं असेल तर.
सिमेंटची मालगाडी.
चाळीस की पन्नास डबे, एकालाही खिडकी नाही.
टेम्पोवाल्यानं बिडी विझवली.
शेवटच्या डब्यात गार्ड, मफलर, हातात हिरवा झेंडा.
मी त्यालाच हात केला.
त्यानं बघितलं. ओळख आठवतो तसं
थोडं पुढं वाकूनही बघितलं.

गेट उघडलं. मागं हॉर्न.
"हल की," ईराप्पा म्हणाला,
"पाळी चुकेल."